ट्रायग्लिसराइड वाढलेलं असताना एलडीएलचा खरा आकडा कसा काढायचा

समोर एक रिपोर्ट आहे असं धरा. टोटल कोलेस्टेरॉल १५०, एचडीएल (ज्याला 'चांगलं' कोलेस्टेरॉल म्हणतात) ३३, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) ३२५, एलडीएल (धमन्यांत साचणारं 'वाईट' कोलेस्टेरॉल) ५२. रुग्णाला स्टेंट बसलेला आहे आणि डॉक्टरांनी एलडीएल ५५ च्या खाली ठेवायला सांगितलंय. घरचे रिपोर्ट बघून म्हणतात, "आलं की बाबांचं आटोक्यात!" पण त्यातले पहिले तीन आकडे दुसऱ्या सूत्रात घातले तर एलडीएल ६६ येतं. रक्त तेच, मशीन तेच, बदलला तो फक्त हिशोब. एका हिशोबाने गोळीचा डोस पुरेसा ठरतो, दुसऱ्याने अपुरा. आणि या रुग्णाच्या बाबतीत दुसरा हिशोब खऱ्याच्या जास्त जवळ आहे.

मधुमेह, सुटलेलं पोट आणि फॅटी लिव्हर असलेल्या माणसांमध्ये असे रिपोर्ट रोज येतात. ठाणे, नवी मुंबईतल्या कुठल्याही फॅमिली डॉक्टरच्या टेबलावर पडलेली फाइल उघडा, ट्रायग्लिसराइड २०० च्या वर आणि एचडीएल चाळिशीच्या आत ही जोडी सापडेलच. हा लेख अशा रुग्णांसाठी, त्यांच्या घरच्यांसाठी आणि त्यांचं रक्त घेणाऱ्या, तपासणाऱ्या, रिपोर्ट वाचणाऱ्या सगळ्यांसाठी आहे. सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आहेत. परदेशातल्या मुलाकडे राहून आलेल्या आईवडिलांचा रिपोर्ट मिलिमोलमध्ये असेल, तर कोलेस्टेरॉलचे आकडे ३८.६७ ने आणि ट्रायग्लिसराइडचा ८८.५७ ने गुणून घ्या. दोघांना एकच गुणक लावण्याची चूक फार होते.

एलडीएल मोजलेलं नसतं, काढलेलं असतं

नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये मशीन तीनच गोष्टी मोजतं: टोटल कोलेस्टेरॉल, एचडीएल आणि ट्रायग्लिसराइड. बऱ्याच लॅबमध्ये एलडीएल आणि व्हीएलडीएल (रक्तात ट्रायग्लिसराइड वाहून नेणारे कण) हे त्यांच्यावरून काढलेले आकडे असतात. रिपोर्टवर आकड्याशेजारी 'कॅल्क्युलेटेड' असं बारीक अक्षरात छापलेलं असतं, ते आधी शोधा.

हे सूत्र १९७२ सालचं. अमेरिकेतल्या फ्रीडवाल्ड, लेव्ही आणि फ्रेडरिक्सन यांनी ४४८ लोकांच्या रक्तावरून ते बसवलं. टोटलमधून एचडीएल वजा करायचं, मग ट्रायग्लिसराइडला ५ ने भागून आलेला आकडा वजा करायचा, उरेल ते एलडीएल. ट्रायग्लिसराइड भागिले ५ म्हणजे व्हीएलडीएलमधलं कोलेस्टेरॉल, असं त्यात गृहीत धरलंय. सूत्र काढणाऱ्यांनीच बजावलं होतं की ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं तर हे वापरू नका. ते बंधन बहुतेक लॅब पाळतात. पण २०० ते ४०० च्या मधली गडबड रिपोर्टवर दिसत नाही, म्हणून तीच जास्त नुकसान करते.

गडबड कुठे होते ते वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटवरून समजून घेऊ. व्हीएलडीएलचा प्रत्येक कण म्हणजे माल भरलेला एक टेंपो. त्यात बटाटे म्हणजे ट्रायग्लिसराइड, कांदे म्हणजे कोलेस्टेरॉल. आपल्याला बटाटे मोजता येतात आणि दर पाच पोती बटाट्यांमागे कांद्याचं एक पोतं असणार, असा अंदाज आपण बांधतो. ट्रायग्लिसराइड साधारण असेल तेव्हा अंदाज बरा जमतो. पण ते वाढतं तेव्हा टेंपो मोठे होतात आणि जादा जागा बटाट्यांनीच भरते. आता आठ-नऊ पोत्यांमागे कांद्याचं एकच पोतं असतं. आपण मात्र पाचानेच भागत राहतो, कांदे फाजील धरतो, तेवढे वजा करतो आणि एलडीएल खोटं कमी दिसतं.

एलडीएल मुळातच कमी असेल तर ही चूक आणखी बोचते. १५० मध्ये १० ची चूक खपून जाते. ५२ मध्ये १४ ची चूक म्हणजे उपचाराची दिशाच बदलते. हल्ली स्टॅटिन या कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळीच्या चांगल्या डोसवर पुष्कळ रुग्ण सत्तरच्या खाली येतात, म्हणून पन्नास वर्षांपूर्वी चालून गेलेलं सूत्र आज अपुरं पडतं.

पहिलं काम: नमुना नीट घ्या

हिशोब कितीही चांगला असला तरी रक्त चुकीच्या वेळी घेतलं असेल तर उपयोग नाही.

पहिल्या तपासणीला उपाशीपोटी येण्याची सक्ती आता बहुतेकांना नसते. जेवणानंतर टोटल आणि एचडीएल फारसं हलत नाही, ट्रायग्लिसराइड बहुतेकांत थोडं वाढतं. पण आधीच्या रिपोर्टमध्ये ट्रायग्लिसराइड ४०० च्या आसपास किंवा वर असेल, तर पुढची तपासणी १० ते १२ तास उपाशी राहूनच करा. साधं पाणी चालतं, प्यावंच. चहा चालत नाही, बिनसाखरेचाही नाही.

इथे आपल्याकडचा एक घोळ सांगायलाच हवा. 'उपाशीपोटी' आणि 'उपवास' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकादशीचा किंवा नवरात्राचा उपवास आहे म्हणून सकाळी रक्त द्यायला आलेली बाई रात्री साबुदाण्याची खिचडी, सकाळी केळं आणि कपभर दूध घेऊन आलेली असते. लॅबच्या दृष्टीने ती जेवून आली आहे. रक्त घेणाऱ्याने "उपास आहे का?" असं विचारू नये. "शेवटचं काय आणि किती वाजता खाल्लंत-प्यायलात?" असं विचारावं आणि ती वेळ फॉर्मवर लिहावी.

ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कारखान्यांत रात्रपाळी करणाऱ्यांना "सकाळी उपाशी या" असं सांगून भागत नाही. पहाटे तीनला कँटीनमध्ये जेवलेला माणूस सकाळी सातला उपाशी नसतो. त्यांनी शेवटच्या घासापासून घड्याळाने तास मोजावेत आणि दुपारी रक्त द्यावं, काहीही बिघडत नाही. उलट सोळा-अठरा तास पोट रिकामं ठेवून येऊ नये, त्यानेही आकडे बदलतात.

दारू तपासणीआधी तीन दिवस बंद. गटारीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घेतलेल्या रक्तातलं ट्रायग्लिसराइड त्या माणसाचं एरवीचं नसतं. ताप, मोठं आजारपण किंवा ऑपरेशन झालं असेल तर काही आठवडे थांबा, कारण आजारपणात एलडीएल खाली जातं आणि खोटा दिलासा देतं. हार्ट अटॅकमध्ये पहिल्या २४ तासांत घेतलेला नमुना धरावा. तो हुकला तर नंतरचा कमी आकडा खरा मानू नये, आणि त्या आकड्याची वाट बघत स्टॅटिन लांबवूही नये.

रक्त घेताना रुग्णाला पाच मिनिटं खुर्चीत बसवा. तिसऱ्या मजल्यावर जिना चढून आलेल्याच्या हातात लगेच सुई नको. दर वेळी बसवूनच घ्या: उभं असताना आणि आडवं असताना घेतलेल्या रक्तात कोलेस्टेरॉल दहा टक्क्यांपर्यंत वेगळं येऊ शकतं. दंडाला बांधलेला पट्टा मिनिटाच्या आत सोडा. जास्त वेळ आवळून ठेवला की पाणी बाहेर जातं आणि चरबीचे सगळे आकडे फुगतात.

ट्रायग्लिसराइड एकाच माणसात आठवड्यागणिक वीस टक्के इकडेतिकडे होतं. म्हणून औषध बदलण्याइतका महत्त्वाचा निर्णय असेल तर एक-दोन आठवड्यांच्या अंतराने दोन नमुने घ्यावेत.

नॉन-एचडीएल: एका वजाबाकीचा आकडा

रिपोर्ट हातात आला की एलडीएलवर बोट ठेवण्याआधी ट्रायग्लिसराइड बघा. १५० च्या खाली असेल आणि एलडीएल शंभराच्या वर, तर जुनं सूत्र चालतं, पुढचं वाचायची गरज नाही. १५० च्या वर असेल, किंवा एलडीएल सत्तरच्या खाली दिसत असेल, तर टोटलमधून एचडीएल वजा करा. झालं. हे नॉन-एचडीएल कोलेस्टेरॉल. धमन्यांत जाऊन बसणाऱ्या सगळ्या कणांमधलं कोलेस्टेरॉल यात एकत्र येतं. कुठलंही गृहीतक नाही, पाचाने भागणं नाही, जेवून आलात तरी चालतं.

वरच्या रुग्णाचं नॉन-एचडीएल १५० वजा ३३, म्हणजे ११७. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत अतिजोखमीच्या रुग्णासाठी एलडीएल ५५ च्या खाली आणि नॉन-एचडीएल ८५ च्या खाली हवं असं म्हटलंय. म्हणजे एलडीएलचा छापील आकडा 'पास' सांगत असताना नॉन-एचडीएल बत्तीसने वर आहे. हे दोन आकडे असे भांडायला लागले की ट्रायग्लिसराइड जास्त असलेल्या रुग्णात नॉन-एचडीएलवर विश्वास ठेवा, असं आमचं स्पष्ट मत आहे. वजाबाकी एका ओळीची आहे. प्रत्येक लॅबने ती रिपोर्टवर छापावी आणि छापली नसेल तर डॉक्टरांनी पेनाने लिहावी.

एलडीएल पुन्हा काढा

नवी सूत्रं दोन. पहिलं मार्टिन-हॉपकिन्स, २०१३ चं. जॉन्स हॉपकिन्समध्ये तेरा लाखांहून जास्त लोकांच्या रक्तावरून ते बसवलंय. त्यात ५ हा कायमचा भाजक नाही. ट्रायग्लिसराइड आणि नॉन-एचडीएल बघून १८० चौकोनांच्या तक्त्यातून भाजक निवडायचा. तो ३.१ पासून ११.९ पर्यंत जातो. तक्ता हाताने वापरायचा नाही, लॅबच्या सॉफ्टवेअरमध्ये घालायचा. ट्रायग्लिसराइड ४०० ते ७९९ असेल तर त्याचा वेगळा वाढीव तक्ता २०२१ मध्ये आला, त्या टप्प्यात तोच घ्या.

दुसरं सॅम्पसन सूत्र, २०२० चं, अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतून आलेलं, ट्रायग्लिसराइड ८०० पर्यंत चालणारं. दिसायला अवघड आहे, पण मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर होतं:

एलडीएल = (टोटल ÷ ०.९४८) − (एचडीएल ÷ ०.९७१) − [ (ट्रायग्लिसराइड ÷ ८.५६) + (ट्रायग्लिसराइड × नॉन-एचडीएल ÷ २१४०) − (ट्रायग्लिसराइड × ट्रायग्लिसराइड ÷ १६१००) ] − ९.४४

आपला रुग्ण यात घालू. १५० ÷ ०.९४८ = १५८.२. ३३ ÷ ०.९७१ = ३४.०. कंसातलं: ३२५ ÷ ८.५६ = ३८.०; ३२५ × ११७ ÷ २१४० = १७.८; ३२५ × ३२५ ÷ १६१०० = ६.६. कंस झाला ३८.० + १७.८ − ६.६ = ४९.२. आता १५८.२ − ३४.० − ४९.२ − ९.४४ = ६५.६, म्हणजे ६६.

चुका दोन ठिकाणी होतात. कंसातली शेवटची संख्या वजा आहे, ती बेरजेत जाते. आणि ९.४४ शेवटी वजा करायचं राहून जातं. स्प्रेडशीटमध्ये एकदा सूत्र घालून हेच उदाहरण चालवून बघा. ६६ आलं तर तुमचं सूत्र बरोबर बसलंय.

आणखी एक, ट्रायग्लिसराइड जास्त असलेलं. टोटल २४०, एचडीएल ३०, ट्रायग्लिसराइड ६२०. जुन्या सूत्राने ८६ येतं, सॅम्पसनने १०३. नॉन-एचडीएल २१०. इथे १०३ हा अंदाजच समजा. ४०० च्या वर कुठल्याही सूत्राची चूक वाढतच जाते, मग निर्णय नॉन-एचडीएल आणि अपोबी (कणांची संख्या सांगणारी तपासणी, तिच्याबद्दल पुढे) यांच्यावर घ्यावा.

सूत्र कुठलंही निवडा, पण तेच धरून ठेवा. जानेवारीत एका लॅबमध्ये जुनं सूत्र आणि जूनमध्ये दुसऱ्या लॅबमध्ये नवं, असं झालं तर एलडीएल चौदाने 'वाढलेलं' दिसेल, रुग्ण गोळी बिनकामाची म्हणून बंद करेल, आणि शरीरात काहीच बदललेलं नसेल. जुन्या रिपोर्टमधले तीन मोजलेले आकडे घेऊन त्यावरही नवं सूत्र चालवा, मग तुलना करा. म्हणून जुने रिपोर्ट फेकू नका.

"डायरेक्ट एलडीएल करून घेऊ का?"

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक जण विचारतो, कारण 'डायरेक्ट' हा शब्द भरवशाचा वाटतो. यात रसायन वापरून बाकीचे कण बाजूला ठेवून एलडीएलमधलं कोलेस्टेरॉल मोजतात. साध्या नमुन्यात ठीक येतं. पण ट्रायग्लिसराइड फार वाढलेल्या नमुन्यात, म्हणजे नेमकं आपल्याला हवं तिथेच, वेगवेगळ्या कंपन्यांच्या किट वेगवेगळे आकडे देतात, कारण व्हीएलडीएल आणि त्याचे उरलेले तुकडे नीट बाजूला पडत नाहीत. खरं प्रमाण मानलं जाणारं मोजमाप अतिवेगवान सेंट्रिफ्यूजमध्ये कण वेगळे करून होतं. ते संशोधनाच्या प्रयोगशाळांचं काम, रोजच्या रुग्णासाठी नाही.

पैसे खर्चायचे असतील तर ते अपोबी या तपासणीवर खर्चा. पुन्हा मार्केटमधल्या टेंपोकडे या. व्हीएलडीएल असो, त्याचा तुकडा असो की एलडीएल, प्रत्येक कणावर अपोबी प्रथिनाचा एकच रेणू असतो. टेंपोत काय भरलंय याचा अंदाज बांधण्याऐवजी नंबरप्लेट मोजल्या की टेंपो किती ते कळतं. धमनीचं नुकसान टेंपोंच्या संख्येवर जास्त अवलंबून आहे. युरोपच्या २०१९ च्या सूचनांत अतिजोखमीच्या रुग्णासाठी अपोबी ६५ च्या खाली, जास्त जोखमीसाठी ८० च्या खाली असं लक्ष्य आहे. उपाशी राहण्याची गरज नाही.

दुधाळ नमुना आला तर

हे लॅबमधल्या मंडळींसाठी. ट्रायग्लिसराइड साधारण ३०० च्या वर गेलं की सीरम धुरकट दिसतं, हजाराच्या पुढे ताकासारखं. असा नमुना आला की पहिला प्रश्न: रुग्ण खरंच उपाशी होता का? घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये होम कलेक्शनची बॅग दोन-तीन तास अडकते, म्हणून वेळा लिहिलेल्या असतील तरच पुढचं बोलता येतं.

ट्यूब उलटसुलट हलवून नमुना एकसारखा केल्याशिवाय मशीनवर लावू नका. चरबी वर तरंगते आणि सुई वरून किंवा खालून ओढेल तसा आकडा बदलतो. किटच्या मर्यादेबाहेर गेलेलं ट्रायग्लिसराइड सलाइनने पातळ करून पुन्हा मोजा आणि गुणाकार करायला विसरू नका. विसरलेल्या गुणाकारामुळे १८०० चं ३६० छापलं जातं. दुधाळपणा काढायला नमुना फिरवून खालचं स्वच्छ सीरम घेण्याची पद्धत इतर तपासण्यांसाठी आहे. त्या सीरमवर लिपिड कधीही लावू नका, मोजायची चरबीच तुम्ही वर सोडून आला आहात. अशा नमुन्यात सोडियम खोटं कमी आणि हिमोग्लोबिन खोटं जास्त येऊ शकतं, तशी नोंद रिपोर्टवर करा.

एक साधी परीक्षा अजूनही उपयोगी आहे. सीरमची ट्यूब झाकण लावून फ्रिजमध्ये ४ अंशांवर रात्रभर उभी ठेवा, हलवू नका. सकाळी उजेडात धरा. वर सायीसारखा थर आणि खाली स्वच्छ सीरम, तर कायलोमायक्रॉन, म्हणजे खाण्यातून आलेली चरबी. साय नाही पण सगळं गढूळ, तर व्हीएलडीएल. साय आणि खाली गढूळ, तर दोन्ही.

ट्रायग्लिसराइड आठशेच्या वर असेल तर एलडीएल छापूच नका. त्या जागी 'ट्रायग्लिसराइड जास्त असल्याने काढलेलं नाही' असं लिहा आणि नॉन-एचडीएल द्या. मोकळी जागा ठेवली की रुग्ण घाबरून दुसरीकडे जातो, तिथे कुणीतरी जुन्या सूत्राने आकडा काढून देतं.

कारण शोधा, मग पुन्हा मोजा

५०० च्या वर ट्रायग्लिसराइड असेल तर प्राधान्य बदलतं. आधी स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका टाळायचा, एलडीएलचा काथ्याकूट नंतर. हजाराच्या वर तो धोका ठळक होतो. वरच्या पोटात दुखून पाठीकडे कळ जातेय आणि उलट्या होताहेत असं असेल तर थेट इमर्जन्सी गाठा, रिपोर्टची वाट बघू नका.

बाकीच्यांनी कारणांची यादी फॅमिली डॉक्टरांबरोबर तपासावी: बेफाम साखर, थायरॉइड कमी, किडनीतून जाणारं प्रथिन, दारू, गरोदरपण, स्टिरॉइड, इस्ट्रोजेनच्या गोळ्या, मुरुमांसाठीचं आयसोट्रेटिनॉइन, काही मानसिक आजारांची औषधं. यातलं काहीही मनाने बंद करू नये. टीएसएच (थायरॉइडसाठी), एचबीए१सी (गेल्या काही महिन्यांच्या साखरेसाठी) आणि लघवीतलं प्रथिन या तीन तपासण्यांत बरंचसं कळतं. साखर ताब्यात आली की काही आठवड्यांत ट्रायग्लिसराइड खूप खाली येतं आणि मग काढलेलं एलडीएल भरवशाचं असतं.

तेव्हा एक गोष्ट हमखास गोंधळात टाकते. ट्रायग्लिसराइड ६०० वरून १८० झालं आणि एलडीएल ८० वरून ११० गेलं. "पथ्य पाळूनही कोलेस्टेरॉल वाढलं!" यातला काही भाग जुन्या सूत्राने आधी खोटा कमी दाखवला होता. काही भाग खरा आहे: व्हीएलडीएलचे कण आता अडकून न राहता एलडीएलमध्ये बदलताहेत. नॉन-एचडीएल बघा. ते खाली गेलं असेल तर रुग्ण बरोबर वाटेवर आहे, आणि उरलेल्या एलडीएलसाठी स्टॅटिनचा डोस बघायचा आहे.

शेवटचा एक दुर्मीळ प्रकार लक्षात ठेवा. टोटल आणि ट्रायग्लिसराइड दोन्ही तीन-चारशेच्या घरात जवळपास सारखे, तळहाताच्या रेषांमध्ये पिवळसर पट्टे, आणि कोलेस्टेरॉल इतकं असूनही अपोबी मानाने कमी. हा तिसऱ्या प्रकारचा लिपिडविकार असू शकतो. यात टेंपोमध्ये कांदेच जास्त असतात, त्यामुळे जुनं सूत्र उलट्या बाजूला चुकतं आणि एलडीएल खोटं जास्त दाखवतं. अशा रुग्णाला लिपिडचं काम करणाऱ्या तज्ज्ञाकडे पाठवा, आणि सोबत तिन्ही मोजलेले आकडे, शेवटच्या जेवणाची वेळ आणि चालू औषधांची चिठ्ठी द्या.